दावं देताना

आमच्या आळीत बबनरावांच्या आधी त्यांच्या जुडीचं नाव निघे. जुडी म्हणजे कोथिंबिरीची नव्हे. देहूरोडच्या डेपोतल्या एका मेजरसाहेबाची ही अल्सेशियन कुत्री. साहेबानं तिचं नाव ज्यूडी ठेवलं होतं. चिंचवडात आल्यावर गावानं ते आपल्या सोयीचं करून घेतलं. बबनराव त्या साहेबाकडे अर्दली होते. एक्कावन्न साली साहेबाची दूर कुठेतरी बदली झाली आणि जुडी साखळीसकट बबनरावांच्या हातात आली. साखळीबरोबर साहेबाचं एक वाक्यही आलं, "बबन, इसका खून असली है. मिलावट मत होने देना." साखळी पुढं गंजली, पण त्या वाक्याला बबनराव रोज तेल देत.

नोकरी सुटल्यावर ते शेताकडे वळले, म्हणजे शेत बायको, कुशाबाई, बघायची आणि हे शेताकडे बघायचे. डोक्याला फेटा, अंगात खाकी सदरा, पायांत साहेबाचे जुने बूट, तेही एक नंबर मोठे. बायकोला हुकूम मराठीत आणि कुत्रीला इंग्रजीत. कुत्री ऐकायची.

मी शेजारचा. तळेगावला मॅट्रिक झालो म्हणून आळीत मला इंग्रजी येतं असा समज होता आणि तो मोडायची मला घाई नव्हती. "भाऊ, जरा या," अशी हाक आली की मी समजायचो, कुणीतरी साहेब कुत्रं बघायला आलाय.

साहेब यायला लागले ते पिंपरीच्या माळावर नवी कंपनी उभी राहिली तेव्हापासून. बंगले झाले, बंगल्यांना फाटकं झाली, आणि फाटक असलं की त्याच्या आत भुंकणारं कुणीतरी हवंच. गावठी कुत्रं चालत नव्हतं. ते पाहुण्यांवर भुंकत नाही आणि स्वयंपाकघरात शिरतं. जुडीला पहिली पिल्लं झाली ती खडकीच्या एका लष्करी कुत्र्याकडून. कणकेच्या गोळ्यांसारखी गुबगुबीत. महिन्याभरात सगळी बंगल्यांत पोचली. एक नर तेवढा बबनरावांनी ठेवून घेतला, सुलतान. बबनराव आता चावडीवर बसले की आधी घसा खाकरायचे. "ब्रीड म्हणतात त्याला. तुमाला न्हाई कळायचं."

खडकीचा तो कुत्रा मग धन्याबरोबर निघून गेला. जुडी पुन्हा माजावर आली तेव्हा असली खून पंचक्रोशीत एकाच्याच अंगात उरला होता. सुलतानच्या. म्हणजे जुडीच्या स्वतःच्या लेकाच्या.

कुशाबाई तेव्हा ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "आवं, लाज न्हाई वाटत? आपल्यात भावकीत सोयरीक करत न्हाईत. देवक जुळलं तर ठरलेलं लगीन मोडत्यात. आन् हितं मायलेकाचं?"

"कुत्र्याला कसलं आलंय देवक!"

"देवक नसंल. रगत तर हाय ना? सारखं त्येच त्येच."

"त्येच पायजे. साहेब सांगून गेलाय, मिलावट नको."

"मंग साहेबालाच म्हणावं, तूबी तुज्या घरातलीच कर."

मी हसलो. बबनराव माझ्याकडे असे बघायला लागले की माझं हसू सुपातल्या फोलकटासारखं उडून गेलं. गंमत अशी, की ह्याच माणसानं मागच्या साली पुतणीचं ठरलेलं लग्न देवक एक निघालं म्हणून मोडलं होतं, आणि वऱ्हाडाचं जेवण मात्र जेवून आले होते.

पिल्लं झाली. काही जन्मतःच थंड होती, काही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गेली. एक जगलं. दिसायला देखणं. सहाएक महिन्यांचं होईपर्यंत ठीक होतं, मग त्याचे मागचे पाय ढिल्या स्टँडच्या सायकलसारखे व्हायला लागले. उठताना ओरडायचं, चालताना कंबर एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. कुशाबाईंनी त्याचं नाव गुंड्या ठेवलं आणि चुलीच्या मागची ऊब त्याला दिली. बबनराव आळीत सांगत, "गाडीखाली आलतं." आळीला माहीत होतं की आमच्या आळीत गाडीच शिरत नाही.

खरं तर बबनराव खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. जनावराच्या बाबतीत तर नाहीच. चाकणच्या बाजारात त्यांच्या घराण्याची एक चाल होती. बैल विकला की दावं घेणाऱ्याच्या हातात देताना त्याची खोड चार माणसांत मोठ्यानं सांगायची. वडिलांनी घालून दिलेलं. एकदा बबनरावांनी सांगितलं, "सासुरवाडीच्या वाटंला लागला की ह्यो बैल खाली बसतो." घेणारा खूश झाला, म्हणाला, माझंबी तसंच हाय. दाव्याबरोबर खोड न सांगता दिलेलं जनावर घेणाऱ्याचं होत नाही, असं ते मानत. पण पिल्लांना कुठे दावं असतं? त्यांना पट्टा असतो. पट्ट्याला ही चाल लागू नाही, असं बहुधा त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

मग खांबेटेसाहेब आले. कंपनीत माणसं घेण्याचं काम त्यांच्याकडे. जुडीला बघून म्हणाले, "पुढच्या वेळची उत्तम मादी माझी. आणि बबनराव, तुमचा मुलगा काय करतो?"

मुलगा, ज्योतीराम, चाकणच्या कांदा बाजारात वजनकाट्यावर होता. कंपनीच्या शिफ्टचं स्वप्न त्याला दिवसाही पडायचं. साहेब म्हणाले, "बघू या." हे दोन शब्द बबनरावांनी त्या संध्याकाळी सगळ्या आळीला ऐकवले.

जुडी आता पहिलीसारखी राहिली नव्हती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, सड लोंबलेले, अंगावरचे केस झडून पाठ कातड्याच्या पिशवीसारखी दिसायची. बबनरावांनी सुलतानला सोडलं की ती कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसायची. एकदा मी बघितलं, बबनराव तिला पट्ट्याला धरून बाहेर ओढत होते आणि इंग्रजीत "गुड गर्ल, गुड गर्ल" म्हणत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "पोराच्या नोकरीचं हाय, भाऊ." तिला विचारायला हवं होतं, पण तिला मराठीत विचारायची कुणाला सवय नव्हती.

या खेपेला जुडी मरता मरता वाचली. दूध आलंच नाही. कुशाबाईंनी शेळीच्या दुधात कापूस बुडवून दोन पिल्लं जगवली. त्यातलं एक नंतर दगावलं, एक राहिलं. मादी. काळी पाठ, कान उभे राहायच्या बेतात, चाल राजासारखी. बबनराव तिच्याकडे टक लावून बघत, विशेषतः मागून. ती पळाली की श्वास रोखत, थांबली की सोडत.

चार महिन्यांनी खांबेटेसाहेब जीप घेऊन आले. ज्योतीराम इस्त्रीचा सदरा घालून उभा. मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं. साहेब पुण्याच्या पेठेतले, माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलत होते. नवा पट्टा ऐन वेळी सापडेना म्हणून कुशाबाईंनी पिल्लाच्या गळ्यात वासराचं दावं बांधलं होतं. खरंच पट्टा सापडला नाही, की मुद्दाम दावं बांधलं, ते त्यांनाच ठाऊक.

साहेबांनी पिल्लू उचललं, दात बघितले, म्हणाले, "फर्स्ट क्लास. ज्योतीराम, सोमवारी ऑफिसात ये." आणि दाव्यासाठी हात पुढे केला.

बबनरावांनी दावं उचललं. कुशाबाई दारातून म्हणाल्या, "आवं, दावं हाय त्ये."

एवढंच. बबनरावांचा हात तसाच राहिला. आम्ही सगळे त्या दोन हातांमधल्या मोकळ्या जागेकडे बघत होतो. ज्योतीराम तर श्वासही घेत नव्हता.

"साहेब," बबनराव म्हणाले, "हिचा बाप हिचा भाऊबी हाय."

साहेब हसले. "अहो, जातिवंत कुत्र्यांत करतातच असं. विलायतेतही करतात."

सुटका झाली होती. खोड सांगून झाली होती, घेणाऱ्यानं ती मान्य केली होती, दावं द्यायला हरकत नव्हती. ज्योतीरामनं श्वास सोडला. बबनरावांनी मात्र दावं सोडलं नाही. चुलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "गुंड्या! कम हिअर!"

त्या कुत्र्याला त्यांनी इंग्रजीत मारलेली ती पहिली हाक. गुंड्या आला. उंबऱ्यावर अडखळला, एक पाय ओढत, कंबर झोकांडत आला आणि शेपूट हलवायला गेला तर बसला. पलीकडे गंजीला टेकून जुडी पडली होती, तिनं मान वर केली.

"ह्यो गाडीखाली आला न्हाई," बबनराव म्हणाले. "हा मी केला. ही आज बरी दिसतीय, पर हिच्या वयाला ह्योबी असाच बरा दिसत व्हता. पुढं काय व्हईल मला ठावं न्हाई. आन् आई अशी झाली, तीबी बघा. हे समदं धरून घ्यायची आसंल, तर घ्या."

साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं, मग बबनरावांच्या. पिल्लू हळूच खाली ठेवलं. "कळवतो," म्हणाले. जीप वळायला आळीत जागा नव्हती, म्हणून ती बराच वेळ मागे मागे जात राहिली.

मग ज्योतीराम बोलला. "तात्या, दीड वर्सं तुमी कुत्र्यापायी मला नाचवलं. आन् ऐन टायमाला तुमाला धरम आठवला!" इस्त्रीचा सदरा त्यानं तिथंच काढला आणि उघड्या अंगानं निघून गेला. कळवतो म्हणणाऱ्यांनी काही कळवलं नाही.

त्यानंतर जुडीपाशी कुत्रा सोडला गेला नाही. सुलतान तळेगावच्या एका बागवाल्याला दिला, तेव्हा मी हजर होतो. दावं देताना बागवाल्यानं विचारलं, "खोड काय?" बबनराव म्हणाले, "कुत्र्याला काय न्हाई. धनी वाईट व्हता." बागवाल्याला वाटलं, थट्टा करतायत.

आता मादीचं सांगायचं. तिचे पाय गेले नाहीत. वर्ष झालं, दोन झाली, ती हरणासारखी पळते. आळीला याहून मोठी मेजवानी कुठली? "तात्या, उगा बोललात. पोराची नोकरी घालवलीत." मीसुद्धा एकदा चिमटा काढला, "तात्या, खोड खोटी निघाली की हो."

"हिच्या पायात न्हाई निघाली, भाऊ," ते म्हणाले. "रगतात आसंल. म्हनून तर हिचं पिल्लू मागायला कुनी आलं की मी शेताकडं जातो." आणि खरोखर जातात. शेताला त्याचा फायदाच झाला आहे.

ज्योतीराम अजून चाकणला काट्यावर जातो. सहा महिने बापाशी बोलत नव्हता. आता कामापुरतं बोलतो. सकाळी सायकल काढली की ती मादी त्याच्या मागे धावते, कंपनीच्या फाटकापर्यंत. तिथं तो थांबतो, आत जाणाऱ्या शिफ्टकडे बघतो आणि तिला म्हणतो, "जा घरी." मराठीत. ती जाते. आळीच्या तोंडाशी गुंड्या तिची वाट बघत बसलेला असतो. तिथवरच त्याला येता येतं.