निर्भय राघू

नारायणमास्तर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मेडशीच्या शिवारात ज्वारी सोंगत होतो. विळा बांधावर टाकून गावाकडे पळालो आणि वाटभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत गेलो. या माणसानं सोयीच्या वेळी कधी काही केलं नाही. मरायलाही याला सोंगणीचेच दिवस सापडले! गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं बोलतात. मला मात्र आता महिना होत आला, तरी आधी त्याच्यावरचा माझा रागच आठवतो. आम्ही एकाच पाटीवर अक्षरं गिरवलेली माणसं. तो पुढं शाळामास्तर झाला, मी भाजीपाल्याच्या मळ्यात राहिलो. त्याच्यावर रागवायचा हक्क मला नाही तर कुणाला?

रागाचं मूळ म्हणजे त्याचा कॅमेरा. तिपाईवर ठेवायचा, आत काचेची प्लेट, मागं काळं कापड. त्याला पाखरांचे फोटो हवे होते, तेही डोळ्यातलं बुबुळ दिसेल इतक्या जवळून. पाखरू जरा हाललं की काचेवर नुसता धूर यायचा. म्हणून त्यानं माझ्या शेताच्या कडेला, ओढ्याकाठच्या एका दगडावर रोज सकाळी ज्वारी टाकायला सुरुवात केली. आणि राघूंना वर्दी द्यायला काय वाजवावं? तर माझ्याच मचाणावरचा रॉकेलचा डबा! ज्या डब्यानं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाखरं हाकलली, त्याच डब्यानं हा त्यांना जेवायला बोलवू लागला. आधी ती बिचकली. पण पुढं डबा वाजला की बाभळीवरून सरळ दगडावर. दिवाळीनंतर कणसं भरली, मी मचाणावर चढून डबा बडवला, तर उडून जायचं सोडून अख्खा थवा माझ्या ज्वारीत उतरला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते असं.

"नारायण्या, हे काय करून ठेवलं बे?" मी त्याला धरलंच.

"काहून चिडतं? पाहुणे हायेत ते माये."

"पाहुण्याले जेऊ घालून कोनी त्याच्याजवळ काई मांगते काय? तू त्याईले तुया कामासाठी बोलावतं. आन् भेव मोडून राह्यला त्याईचं. भेवाशिवाय पाखराजवळ दुसरं हाय काय?"

"तुले फोटोतलं काय समजते, सख्या!" असं म्हणून तो पुन्हा काळ्या कापडात शिरला.

खरं सांगायचं तर फोटो सुंदर आला होता. राघूच्या गळ्यावरची काळी पट्टी, चोचीत ज्वारीचा दाणा... नागपूरच्या एका मासिकात तो छापूनही आला आणि खाली लिहिलेलं, 'वऱ्हाडातला निर्भय राघू.' मास्तर अंक घेऊन गावभर फिरला. मी म्हटलं, निर्भय कसला, भुकेला म्हण! चोचीतला दाणा त्यानं राहू दिला होता, दगडावरची पसाभर ज्वारी मात्र छापायला देताना कापून टाकली होती.

पुढच्याच महिन्यात शाळेच्या कामानं तो दोन दिवस वाशीमला गेला. तेवढ्यात ही डब्याची गोष्ट कानावर गेलेला, पाखरं धरून विकणारा कुणी परगावचा माणूस आला, त्यानं दगडावर जाळं अंथरलं आणि डबा वाजवला. बराचसा थवा सापडला. डबा मी ऐकला होता. वाटलं, मास्तर आला असेल, आणि आधीच डोकं तापलेलं, म्हणून वाफ्यातून उठून पाहायलाही गेलो नाही. हे मला अजून खातं. चार दिवसांनी शिरपूरच्या बाजारात मास्तरला ते राघू दिसले. पिंजऱ्यात, पंख कापलेले. शेजारच्या दुकानात कुणी तेलाचा डबा आपटला, तसे सगळे धावत गजांशी आले... हे त्यानंच मळ्यात येऊन मला सांगितलं.

त्यानंतर त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही. पण उरलेली पाखरं डबा वाजला की अजून उतरतच होती. मग मास्तर रोज सकाळी यायचा, डबा वाजवायचा आणि ती खाली आली की गोफणीनं खडे मारायचा. राघू, साळुंक्या, कावळे, कुणालाच त्यानं सोडलं नाही. लोक म्हणाले, मास्तरचं डोकं फिरलं. मलाही बघवेना.

"बस कर आता," मी म्हणालो.

"नाई," तो डोळे पुसत म्हणाला. "माया हातानं शिकली, मायाच हातानं इसरली पाह्यजेत."

तापानं अंथरूण धरेपर्यंत हे चाललं होतं.

त्याचा दहावा त्याच ओढ्याकाठी झाला. गावाला दुसरं वाहतं पाणी नाही. पिंड ठेवला, सगळे मागं सरकले. बाभळीवर कावळे होते, मान वाकडी करून पिंडाकडे बघत होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. थोरल्या मुलानं हात जोडून कबूल केलं की कॅमेरा विकणार नाही. कुणी म्हणालं, फोटोंचं पुस्तक काढू. कावळे जागचे हलले नाहीत. गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले.

"काका, बाबाच्या मनात काय राह्यलं असंन? तुमीच काई कबूल करा ना," मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला.

मला हुंदका आवरेना आणि संतापही आला, की एवढ्या माणसांत एवढंही कुणाच्या ध्यानात येऊ नये!

"त्याचं काईच राह्यलं नाई बाबू," मी म्हणालो. "भेऊन राह्यले ते. त्यानं शिकवलं तसे."