लेबलावरची रिकामी जागा

दुसऱ्या मजल्यावरचे छापखानेवाले गुपचूप पितात, अशी बातमी जिन्यातून वरखाली करत होती. डोळे पिवळेधमक, अन्नावरची वासना उडालेली, डॉक्टरांनी लिव्हरचं नाव काढलेलं. आणखी पुरावा तो काय हवा? बातमी अगदीच खोटी नव्हती. ते प्यायचे, पण चूर्ण. कोमट पाण्यातून, चमचा मोजून, बायकोच्या देखत.

या गृहस्थांचा धंदा लेबलं छापण्याचा. साबण, फिनेल, उंदराचं औषध, जे येईल ते. लेबलावर रिकामी जागा दिसली की त्यांच्या डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं व्हायचं. वर्षापूर्वी एक चूर्णवाला गुडघेदुखीच्या डब्याचं लेबल घेऊन आला. मजकूर तोकडा, खाली दोन बोटं जागा मोकळी.

"इथं काय टाकू?"

"शोभेल ते टाका हो."

त्यांनी हिरव्या शाईत टाकलं : 'संपूर्ण नैसर्गिक. कोणताही अपाय नाही. यकृतास बळ देते.' यकृत कुठल्या बाजूला असतं, हेही तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढे मशीनपाशी उभं राहून त्यांचे स्वतःचेच गुडघे धरले. चूर्णवाल्यानं प्रेमानं सहा डबे दिले. महिन्याभरात गुडघे होते तिथंच राहिले, डोळे मात्र पिवळे झाले. छापखानेवाल्यांनी डबा हातात घेऊन नीट वाचला. यकृतास बळ देते. लगेच एका चमच्याचे तीन केले.

"अहो, आरशात बघा जरा," बायको म्हणाली.

"बघतोच आहे."

खरंच बघत होते, शाईचं शेड कार्ड डोळ्याला लावून. रंग दर आठवड्याला एक घर पुढे सरकत होता. अंगाला खाज सुटली तेव्हा बायकोनं त्यांना दंडाला धरून डॉक्टरांकडे नेलं.

"दारू?"

"थेंब नाही."

"औषधं काय काय घेता?"

"एकही नाही."

बायकोनं पिशवीतून डबा काढून टेबलावर आपटला. "हे रोज तीन चमचे."

"ते औषध नाही, नैसर्गिक आहे."

"सापही नैसर्गिकच असतो," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट समोर सरकवला. लिव्हर सुजलं होतं. "हे आजपासून बंद. असंच चालू ठेवलंत, तर लिव्हर कायमचं हातचं जाईल. यानं अपाय होत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"डब्यावर छापलंय."

"कुणी छापलं?"

छापखानेवाले छताकडे बघू लागले. "यांनीच. मजकूरही यांचाच," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे स्वतःच लिहिलंत आणि स्वतःच फसलात?"

"पहिली प्रत काढली तेव्हा मलाही थापच वाटली होती. पण पाच हजार निघाल्यावर मी एकटा काय बोलणार, डॉक्टर?"

चूर्ण सुटलं. दर पंधरवड्याला रक्त तपासत तीन महिने गेले, तेव्हा कुठे डोळे पांढरे झाले आणि शेड कार्ड परत छापखान्यात गेलं. जिन्यातली बातमी मात्र अजून कुणी मागे घेतलेली नाही.

परवा चूर्णवाला पुन्हा उगवला. डब्यांना उठाव होता, लेबलं संपली होती. छापखानेवाल्यांनी नमुना घेतला आणि खालच्या ओळींवर आडवी रेघ मारली.

चूर्णवाला हिरमुसला. "अहो, मग खाली जागा किती भकास दिसेल."

"तिथं माझा आजारपणातला फोटो टाकू," छापखानेवाले म्हणाले, "फक्त रंगीत छापावा लागेल."