किटलीतला पहिला चहा

दाराच्या फटीत बोट सापडलं तर आपण कळवळतो. सिद्राम अण्णा बोटाकडं बघून दुखण्यालाच म्हणायचे, "आलाव का पावनं? बसा." आणि पुढच्या कामाला लागायचे. आमच्या शेजारच्या खोलीत ते आणि त्यांची बायको शांताक्का अकरा वर्षं राहिले. त्याआधीची सगळी नोकरी होटगीच्या बाजूला रेल्वेच्या गँगमध्ये, रूळ दुरुस्त करण्यात गेली होती.

सोलापुरात आमच्या भागात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही तासभर. दोन मजले घागरी चढवताना सगळे वैतागलेले असत. अण्णा मात्र वरच्या पायरीवर उभे राहून खूश. मी एकदा चिडून बोललो, तर म्हणाले, "सायेब, पाणी रोज आलं असतं तर माजं नाव तरी इचारलं असतं का तुमी? समोरच्या बिल्डिंगीत बोर हाय. शेजारी कोण ऱ्हातंय, इचारा तितल्या कुणाला बी."

मी हिशेबी माणूस. खरंच विचारून आलो. चार घरांपैकी तिघांना शेजाऱ्याचं नाव सांगता आलं नाही.

गँगमधली एक गोष्ट ते नेहमी सांगत. घण बोटावर बसला तरी ओरडायचं नाही, हा तिथला रिवाज. ज्याला लागलं, त्याला किटलीतला पहिला चहा. त्याची पहार दुसऱ्यानं उचलायची. कुणी विचारत नसे, कुणी सांगत नसे. "दुकण्यानं माणूस माणसाला चिकटतो, सुकानं न्हाय," असं म्हणून ते गोष्ट संपवत.

घरी त्यांनी या रिवाजाचा अर्धाच भाग आणला होता, न ओरडण्याचा.

त्यांच्या घरच्या घागरी अक्का चढवायच्या. गेल्या दिवाळीपासून त्या मधल्या पायरीवर पोट धरून बसू लागल्या. माझी बायको सुनंदा हिनं विचारलं, "अक्का, काय होतंय?"

त्यांनी आधी वर नवऱ्याकडं पाहिलं. "काय न्हाय वो वैनी. दम लागला."

"बसू नगंस," अण्णा वरून म्हणाले. "आपुन बसलो की दुकणं डोक्यावर बसतंय."

"तुमाला काय, तुमी उबंच हाय की," अक्का म्हणाल्या आणि उठल्या. जिन्यातले सगळे हसले. अण्णाही हसले.

माघात सुनंदानंच हट्टानं त्यांना दवाखान्यात नेलं. अण्णाही बरोबर गेले. किती दिवसांपासून दुखतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. अक्का म्हणाल्या, "आट दिस." सुनंदा म्हणाली, "दिवाळीपासून." अण्णा दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिले. आतड्यात गाठ होती आणि पसरली होती. वेळेवर आणलं असतं तर काढता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. चैत्रात अक्का गेल्या.

भेटायला आलेल्यांपैकी एक पाहुणे म्हणाले, "माउलीनं लई सोसलं. तोंडातनं कदी ब्र काडला न्हाय." बाकीच्यांनी माना हलवल्या.

भिंतीला टेकलेले अण्णा म्हणाले, "काडत हुती की. ती बोलाया लागली की मी गँगची गोष्ट सांगायचो."

तेच पुढं म्हणाले, "तितं गप बसलं तरी चालत हुतं. बगायला आट माणसं हुती. हितं मी एकटा, आन् मी बगत न्हवतो."

सोसण्यानं माणसं जवळ येतात, हे त्यांचं म्हणणं मला आजही खोटं वाटत नाही. मात्र कुणी सोसण्याची थोरवी सांगू लागला की मी आधी बघतो, घागर कुणाच्या कमरेवर आहे.

भाद्रपदात अण्णांचा मुलगा त्यांना वैरागला आपल्या घरी न्यायला आला. तो पाण्याचा दिवस होता. जिन्यात सुनंदा भरली घागर घेऊन क्षणभर थांबली होती.

"काय वैनी, कंबर धरली?"

"नाही हो अण्णा, काही नाही."

अण्णांनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली, तिच्याकडून घागर घेतली आणि दुसऱ्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. अकरा वर्षांत त्यांना घागर उचलताना मी पहिल्यांदा पाहिलं. खालून मुलगा हाका मारत होता. अण्णा ओट्याला धरून उभे राहिले, धाप ओसरेपर्यंत.

"लई जड आसती की वो ही," म्हणाले.