शेजारच्या खाटेवरची पपई

हिंगणघाटच्या दवाखान्यात मी डेंग्यूनं पडलो होतो. शेजारच्या खाटेवरचा दुसरा डेंग्यूवाला प्लेटलेट वाढाव्यात म्हणून आणलेली पपई मलाही द्यायचा. त्याची बायको डबा घेऊन आली की तो घरात पाणी साठवणाऱ्यांना मोठ्यानं शिव्या द्यायचा. "त्याहिलेच कूलरमंदी बसवा!" मी अबोल माणूस, मुकाट फोड खायचो. पाऊस उघडला की उकडतं, म्हणून माझा कूलर दिवाळीपर्यंत भरलेलाच असतो. मला सुट्टी मिळाली त्या दिवशी मात्र राहवलं नाही.

"भाऊ, माझ्याच कूलरात डासांच्या अळ्या निघाल्या."

आता पपई परत मागतो की काय! त्यानं घाबरून दाराकडे पाहिलं.

"हळू बोला ना! आमच्यातबी निघाल्या. पण बायको येऊन राह्यली, तिले मी शेजाऱ्याचे डास सांगतले हायेत."