पडद्याबाहेरचा हात

कुणी बाईला 'आळशी' म्हणालं की माझ्या तळपायाची आग आजही मस्तकाला जाते. परवा नातसुनेला कुणीसं म्हणालं, तर मी काठीच आपटली. का आपटली, ते सांगते.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. मला नांदेडात दिलेलं, वय एकोणीस. यजमान तहसील कचेरीत कारकून, दिवसभर उर्दूत लिहायचे आणि घरी मुकाट जेवायचे. माझी आई आधीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. मुलगी झाली. सव्वा महिना सरला आणि मग ते सुरू झालं. ताप नाही, खोकला नाही, नुसता थकवा. सकाळी उठायचं म्हटलं की रडू यायचं. वेणी घालायला वर केलेला हात अर्ध्यातून खाली यायचा. भाकरीचा तुकडा मोडणं जिवावर यायचं. पोरगी रडायची आणि मी तिच्याकडे नुसती बघत बसायची, मग आपण असं का बघतो म्हणून मीही रडायची. आजच्या डॉक्टर मुली याला नाव देतात. आमच्या घरात त्याला एकच नाव होतं, सोंग.

"दोन घागरी आणल्या की बसून राहायली," सासूबाई म्हणायच्या. "आम्हाला न्हाई का लेकरं झाली?"

झाली असतील हो! म्हणून काय मला थकायचीही बंदी?

तीन महिने असेच गेले. जळकोटच्या थोरल्या नणंदेला मूलबाळ नव्हतं. सासूबाईंनी एक दिवस जाहीर केलं, "हिच्यानं लेकरू सांभाळणं होत न्हाई. जळकोटला देऊन टाकू." माझ्या अंगावरची पोरगी, आणि बोलणं असं की जसं जास्तीचं पातेलं शेजारी द्यायचंय! यजमान म्हणाले, आधी हकीमसाबांना दाखवू. दुखणं निघालं तर औषध, नाही निघालं तर पोरगी जळकोटला.

हकीमसाबांचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशी होता. आमच्या घरात त्यांच्याच पुड्या चालायच्या. ते यायचे, ओसरीवर बसायचे. माजघराच्या दाराला पडदा. बायकांनी आतून हात बाहेर काढायचा, त्यांनी नाडी बघायची, आणि बोलायचं ते घरातल्या थोरल्या बाईनं.

मी हात पुढे केला. सासूबाईंनी तो मागे ओढला आणि स्वतःचा बाहेर दिला.

"तरण्या सुनेचा हात परक्याच्या हाती देऊ का?" त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या. "एका चुलीवरचं खातो. नाडी काय येगळी असती?"

खरं सांगते, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लबाडी असती तर भांडता तरी आलं असतं.

बाहेरून आवाज आला, "नाडी तो एकदम मजबूत है. बीमारी कुछ नई. सुस्ती है, काम में रखो."

मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर, पडद्याआड उभी होते. सुनेनं परपुरुषासमोर बोलायचं नसतं, म्हणून बोलले नाही. त्याचा राग माझा मलाच अजून येतो.

बुधवारी नणंद येणार असं ठरलं. सोमवारी दुपारी पोरीची झबली-टोपडी गाठोड्यात बांधायला सांगितलं, तेही मलाच! मी तीन झबल्यांच्या घड्या घातल्या. चौथ्याला हात थांबला. गाठोडं तिथंच टाकून पोरीला काखेत घेतलं आणि भर उन्हात अनवाणी निघाले. एवढीशी गल्ली, पण दोनदा भिंतीला टेकले. माणसं बघत होती. बघा म्हटलं, डोळे भरून बघा!

दवाखान्यात शिरून मी हात सरळ हकीमसाबांपुढे धरला.

"माझी नाडी पाहा. त्या दिवशीचा हात सासूबाईंचा होता."

ते रागावले नाहीत. कितीतरी वेळ नाडी धरून बसले. झोप लागते का, रडू येतं का, काय काय विचारलं, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या दुखण्याची उत्तरं मी स्वतः दिली. मग त्यांनी माझं मनगट हळूच खाली ठेवलं.

"बेटी, वो हात भोत मेहनती था. मैं समझा बहू का है. ये हात तो मेरे हात में आयाच नई था."

त्यांनी टोपी घातली आणि माझ्यासोबत आमच्या घरी आले. यजमान कचेरीतून येईपर्यंत ओसरीवरून हलले नाहीत.

"बच्ची माँ के पास रहेगी," त्यांनी यजमानांना सांगितलं. "और माँ सोएगी. घर का काम दूसरे करेंगे."

यजमान "जी" म्हणाले.

पोरगी जळकोटला गेली नाही. थकवा काही लगेच गेला नाही, वर्षभर छळलं त्यानं. पण दुपारी आडवं झाल्यावर मला कुणी उठवलं नाही.

त्या संध्याकाळी हकीमसाब गेल्यावर मी गाठोडं सोडायला बसले. यजमान दारात येऊन उभे राहिले.

"एवढं होत होतं," ते म्हणाले, "तर आम्हाला आधी सांगितलं का नाहीस?"

मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तीन महिने मी रोज सांगतच होते.