खालचा आवाज

माझ्या मेहुणीबद्दल चार शब्द चांगले बोलावेत अशी माझी फार इच्छा आहे, पण तिनं त्याला कधी वावच दिला नाही. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक काउंटरसमोर बसलं की त्याच्याकडे अशी बघते, जणू त्यानं तिचंच काहीतरी चोरून आणलंय. फ्रेम तिरकी बसते अशी कुणी तक्रार केली तर, "फ्रेम सरळ आहे, कान वरखाली आहेत तुमचे," असं तोंडावर सांगते. वैताग असा की ते खरं असतं. दुकानाचा मालक तिला काढत नाही, कारण तिनं तापवून वाकवलेली काडी परत कानामागे टोचत नाही.

रविवारी दुपारी मात्र ती गाते. एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर मोठा हॉल आहे. तिथं लोक सहकुटुंब जेवायला येतात आणि आम्ही तिघं त्यांना जुनी सिनेमाची गाणी ऐकवतो. कीबोर्डवर मी, आणि माइकवर दोघी बहिणी, म्हणजे माझी बायको आणि ही. बायको थोरली, ही धाकटी. सगळे त्यांना तसंच म्हणतात. थोरली गाण्याची मूळ चाल गाते. धाकटी त्याच वेळी तेच शब्द तिच्या जरा खालच्या सुरांत गाते.

लोकांना वाटतं की आपण थोरलीला ऐकतोय. पण थोरली एकटी गायली तर लोक माना डोलवतात आणि जेवत राहतात. धाकटीचा आवाज खाली येऊन मिळाला की चमचे थांबतात. दोन आवाज एकमेकांपासून नेमक्या अंतरावर चालायला लागले की मधेच तिसरं काहीतरी वाजू लागतं, आणि ते दोघींपैकी कुणीच गात नसतं. असं का होतं ते मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं त्यांच्या पाठीमागे बसून वाजवतोय, तरी दर रविवारी अंगावर काटा येतो. अशा बाईमुळे तो येतो, याचा मला मनापासून राग आहे.

कारण दोघींमध्ये विस्तव जात नाही. लहानपणी घरात गाणं लागलं की थोरली आधी सुरू व्हायची. तिला आवडलेली चाल ती घ्यायची आणि धाकटीनं ती म्हटली की चिमटा काढायची. कपडे थोरलीचे उतरलेले, पुस्तकं थोरलीची वापरलेली, आणि गाण्यात जे उरलं ते धाकटीचं. चिमटा बसणार नाही एवढ्या अंतरावर गायला ती तिथंच शिकली. पुढे हॉटेलच्या जाहिरातीवर थोरलीचा अख्खा चेहरा आला आणि धाकटीचा नुसता एक कान, तेव्हापासून तर बोलणंही बंद. दोघी एकाच टॅक्सीतून येतात आणि मधे मी बसतो. "भावोजी, तुमच्या बायकोला सांगा, तिसरं गाणं फार हळू घेतलं." "अहो, तिला सांगा, ऐकू आलंय." माझी अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी.

स्टेजवर मात्र धाकटीची नजर थोरलीच्या गळ्यावरून हलत नाही. थोरली श्वास घ्यायच्या आधी तिच्या गळ्याची एक शीर हलते, ती बघून ही श्वास घेते. शब्दाच्या शेवटी "स" किंवा "त" आला तर धाकटी तो गिळून टाकते. दोघींनी म्हटला तर तो दोनदा वाजतो आणि गाणं फाटकं वाटतं. म्हणजे शब्दाचं शेपूटही थोरलीचंच. हे काम असंच असतं आणि ते तिच्याइतकं कुणाला जमत नाही. तरी हॉलमध्ये बायका येऊन थोरलीचा हात हातात घेतात आणि धाकटीला विचारतात, "तुम्ही पण गाता का?"

या वर्षी थोरलीचे वरचे सूर सुटायला लागले. वयच आहे ते. पुलाचं एक गाणं आहे, नदीपलीकडे गेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या बाईचं. त्याशिवाय आमचा रविवार संपत नाही. त्यात वर जायची जागा आली की थोरलीचा आवाज चिरायचा. ती मला म्हणाली, "सगळी गाणी दोन सूर खाली घेऊ या." मी हे टॅक्सीत पलीकडे पोचवलं.

"मुळीच नाही," धाकटी म्हणाली. "दोन सूर खाली घेतलं की माझा आवाज जमिनीत जातो. चमच्यांच्या आवाजात तो कुणाला ऐकू येणार आहे? आधीच एक कान शिल्लक ठेवलाय माझा."

"तिला सांगा," थोरली म्हणाली, "मग तूच गा म्हणावं. एकटी."

मी सांगायची गरज पडली नाही. धाकटीनं खिडकीबाहेर बघत, "गाईन की," असं उत्तर दिलं.

हॉटेलमालकाला गिऱ्हाइकांशी मतलब. तो म्हणाला, पुढच्या रविवारी बघू. धाकटीनं एकटीनं हॉल धरून ठेवला तर रविवार तिचा, फलकावर फोटोही तिचा एकटीचा. नाही जमलं तर दुसरा ऑर्केस्ट्रा तयार आहे. धाकटीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पुढं उभं राहायला सांगितलं होतं. तो आठवडाभर म्हणे तिनं दुकानात एकाही गिऱ्हाइकाचे कान काढले नाहीत.

मी तालमीला बोलावलं तर फोनवर म्हणाली, "मला काय शिकवता? ही गाणी रक्तात आहेत माझ्या." घरी वेगळंच चाललं होतं. थोरली स्वयंपाकघरात पुलाचं गाणं म्हणायची आणि मधेच थांबायची. वरची जागा अजून लांब असायची, तरी थांबायची. "कान रिकामा वाटतो," म्हणाली आणि भांडं आपटलं.

रविवारी हॉल भरला. धाकटी नवी साडी नेसून माइकसमोर उभी राहिली. थोरली येणार नाही म्हणाली होती, पण दारालगतच्या खांबाशी पाणी मागवून बसली होती. बहीण तोंडावर पडते ते बघायलाच आली होती. मी तिचा नवरा आहे, मला कळतं.

पहिली गाणी सोपी होती, कीबोर्डवर मी चाल वाजवत तिला धरून नेलं. मग पुलाचं आलं. त्याच्या पहिल्या दोन ओळी दोघी नेहमी एकाच सुरात म्हणतात आणि तिसऱ्या ओळीपासून वेगळ्या होतात. पहिल्या दोन ओळी धाकटीनं अशा काही घेतल्या की मीही क्षणभर माझा राग विसरलो. भरलेला, न चिरलेला आवाज. मी खूश होऊन चाल सोडली आणि नुसती साथ धरली. तिसरी ओळ आली, आणि तिचा गळा आपोआप खाली वळला.

ती खालचीच ओळ गायला लागली. वर कुणी नसताना. ती ओळ एकटी ऐकली तर गाणं वाटतच नाही. दोनतीन सुरांत घुटमळते, कुठं चढत नाही, कुठं उतरत नाही. समोरच्या टेबलावरचा माणूस बायकोला विचारायला लागला की हे कुठलं गाणं. धाकटीच्या लक्षात आलं. मी चाल वाजवायला हात उचलला तर खाऊ की गिळू अशा नजरेनं तिनं मला थांबवलं. पुन्हा तिसऱ्या ओळीवर आली, वर जायचं म्हणून मान उंचावली, आणि पुन्हा खाली गेली. तिथून पुढची मूळ चाल तिनं आयुष्यात एकदाही गायलेली नव्हती. जन्मभर शेजारून ऐकलेली, पण तोंडात कधी घातलेली नव्हती. तिच्या कपाळावर घाम आला. मला तिची कीव आली, आणि तिची कीव करणं हे मला तिचा राग करण्यापेक्षा अवघड गेलं.

खिडकीजवळ एक म्हातारी सुनेबरोबर सूप पीत बसली होती. तिनं बसल्या जागी मूळ चाल म्हणायला सुरुवात केली. बिचारी मदतच करत होती. मग तिची सून. मग पलीकडचं टेबल. बघता बघता अख्खा हॉल पुलाचं गाणं गायला लागला, काही सुरात, काही भलतीकडेच. वर चाल मिळाल्याबरोबर धाकटीचा आवाज तिच्याखाली अलगद जाऊन बसला आणि तिसरं ते जे काही असतं ते हॉलभर वाजायला लागलं. वाढपी ट्रे घेऊन उभेच राहिले. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एवढं सुंदर ते गाणं आम्ही कधी गायलेलं नाही.

गात नव्हती ती फक्त थोरली. ओठ घट्ट मिटून खांबाशी बसून होती.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते तेव्हा धाकटीनं माइक बंद केला आणि पाठ फिरवून आत निघून गेली. मी मागोमाग गेलो. भांडी घासायच्या जागेशेजारच्या बोळात ती भिंतीला टेकून उभी होती. थोडा वेळ मिळाला ना मिळाला, तेवढ्यात मालक धावत आला.

"बाई, कमाल केलीत. पब्लिकला गायला लावायची काय आयडिया! आता दर रविवारी असंच. फोटो तुमचाच लावतो."

"तुमचं पब्लिक बेसूर आहे," धाकटी म्हणाली.

मालक हसत निघून गेला. त्याला तो विनोद वाटला.

मग थोरली आली. जाहिरातीच्या त्या प्रकरणानंतर पहिल्यांदा ती धाकटीशी माझ्याशिवाय बोलली.

"इतकी वर्षं शेजारी उभी आहेस. माझी चाल एकदाही नीट ऐकली नाहीस तू?"

"तेवढंच केलं," धाकटी म्हणाली. "तुझ्यापासून किती लांब राहायचं ते कळावं म्हणून ऐकली. गायची म्हणून नाही. तू गाऊ दिली होतीस कधी?"

थोरलीनं नळाखाली हात धुतले आणि निघून गेली. परतीच्या टॅक्सीत मी मधे बसलो होतो, पण कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मी चष्म्याच्या दुकानात गेलो. माझी काडी सैल झाली होती, पण खरं म्हणजे हॉटेलमालकाला काय उत्तर द्यायचं ते तिला विचारायचं होतं. धाकटीनं माझा चष्मा ओढून घेतला आणि गरम हवेवर धरला.

"मालकाला कळवलंय मी," ती म्हणाली. "फोटो नको, पब्लिकही नको. येत्या रविवारी तुमच्या बायकोला घेऊन या."

"तिला तो वरचा सूर लागत नाही आता. तुला माहितेय."

"म्हणूनच सांगतेय. सगळी गाणी दोन सूर खाली घ्या."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "अगं, तूच तर नको म्हणत होतीस. तुझा आवाज त्या चमच्यांच्या गोंगाटात कुणालाच ऐकू जाणार नाही."

तिनं चष्मा माझ्या नाकावर घातला, काडी कानामागे दाबली आणि फ्रेम सरळ बसली का ते बघायला मागे सरकली.

"ताईला जाईल," ती म्हणाली.