बंदूक कोणाच्या नावानं?

काही घरांत पापडांचे डबे साठतात, आमच्याकडे बंदुकीचे किस्से साठलेत. गंमत म्हणजे ती बंदूक उडालेली गेल्या कित्येक वर्षांत कोणी पाहिलेली नाही. बाराबोरची, परवान्याची, पिकांच्या राखणीसाठी घेतलेली ही बंदूक माझ्या काकांची. काका अकोल्याजवळच्या गावात शेती करतात. मी अमरावतीच्या राजापेठेतल्या घरातून परदेशात शिकायला गेलो आणि ‘सगळ्या बंदुका जमा करा’ हे मत घेऊन परत आलो. सुरुवात घरापासून करावी म्हणून थेट काकांच्या गावी गेलो.

*

पहिल्याच जेवणात मी भाषण केलं. तिकडे कॉलेजात गोळीबार झाला तर कुठे लपायचं याची तालीम घेतात, बाकाखाली बसून मला काय काय वाटलं, वगैरे. काकू भाकरी थापता थापता ऐकत होती.

“तिकडं रानडुकरं लय हायेत का रे?”

“नाही काकू.”

“मंग काहून ठेवतेत बंदुका?”

या प्रश्नावर मी दोन सेमिस्टर घालवली होती. मी म्हणालो, “काकू, वरण वाढ.”

*

शस्त्रांवर कडक नियंत्रण हवं, असं मी प्रबंधात ठासून लिहिलं होतं. काकांच्या घरात ते आधीपासूनच होतं. बंदूक काकूच्या साड्यांच्या कपाटात आणि किल्ली काकूच्या कमरेला.

एकदा सकाळीच तुरीत डुकरं शिरली. काकू लग्नासाठी अमरावतीला गेलेली. काकांनी घाईघाईनं फोन लावला, स्पीकरवर.

“डुकरं घुसले वावरात! किल्ली कुठी हाय?”

“माह्यापाशी. मी परवा येतो. तवर त्याहिले थांबाले सांगा.”

*

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. काकांचे हात हल्ली थरथरतात, म्हणून चादरीत गुंडाळलेली बंदूक मी मांडीवर घेतली. ऑटोत इतकी गर्दी की एकमेकांच्या मांडीवर बसायचंच तेवढं बाकी होतं. शेजारच्या माणसानं विचारलं, “काय हाय भाऊ हे?”

खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही. “बंदूक,” मी म्हणालो.

पुढच्या चौकात ऑटो रिकामा झाला. अकोल्याच्या ऑटोत आयुष्यात पहिल्यांदाच मी पाय पसरून बसलो. काकांनी माझ्या पायांकडे बघितलं.

“पाय घे आखडून,” ते म्हणाले. “नाहीतं तुले बंदूक आवडाले लागन.”

*

नुसता विरोध करून चालत नाही, पर्यायही द्यावा लागतो. मी वावरात भोंगा लावला. त्यावर कुत्र्यांचं भुंकणं वाजवलं की डुकरं पळतात, असं ऐकलं होतं. फोन जोडला, बटण दाबलं आणि गावात चहा प्यायला निघून आलो. फोनमधून सुरू झालं ते कॉलेजात मी शस्त्रबंदीवर केलेलं भाषण. ते पूर्ण वाजलं, मग पुन्हा वाजलं.

शेजारच्या वावरातले गुलाबराव काम टाकून मला शोधत चहाच्या टपरीवर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “भाऊ, डुकरं परवडले.”

*

काकांना मूलबाळ नाही. हात थरथरायला लागल्यावर परवाना कोणाच्या नावावर करायचा, हा प्रश्न आला. पुतणे दोन: मी आणि माझा चुलतभाऊ पिंट्या. मी म्हणत होतो बंदूक कायमची सरकारजमा करा, आणि पिंट्याला ती हवीच होती.

दसऱ्याला पूजेसाठी बंदूक बाहेर काढली, तेव्हा पिंट्यानं गॉगल लावून तिच्यासोबत फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. त्याला बघून गेलेल्या मुलीच्या घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी नकार कळवला.

“लोकं जळतेत,” पिंट्या म्हणाला.

काकू म्हणाली, “पोरीवाल्याहिले डुकरं समजला का बे तू?”

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. ते पिंट्याच्या फोनवर तो फोटो मोठा करून बघत होते. फोटोत मागे काकू आरतीचं ताट घेऊन उभी होती आणि बंदुकीचं तोंड थेट तिच्याकडे होतं. काकांनी फोन परत दिला.

*

परवान्याच्या कामासाठी आम्ही तिघं अकोल्यात साहेबांसमोर बसलो. पिंट्या कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, मी भाषण पाठ करून. साहेबांनी विचारायच्या आधीच मी सुरू झालो. माणसाच्या हातात बंदूक नकोच, ही कायमची जमा करून घ्या, आणि चुकून माझ्या नावावर केलीत तर मी तिला बोटसुद्धा लावणार नाही. साहेबांचा चहा गार झाला. पिंट्या गालातल्या गालात हसत होता.

“झालं का तुह्यं?” काकांनी मला विचारलं. मी मान डोलावली.

साहेब काकांकडे वळले. “बोला काका. कोणाच्या नावानं करायची?”

काकांनी माझ्याकडे बोट केलं. “याच्या.”

“अहो, हा तं बंदूक नको म्हणून राहिला.”

“हो ना,” काका म्हणाले. “म्हणूनच तं.”